न्यू जर्सीतलं घर विकताय, पण राहता दुसरीकडे? ‘एक्झिट टॅक्स’चे कागद आधी समजून घ्या

एडिसन, प्लेन्सबरो किंवा जर्सी सिटीत दहा-पंधरा वर्षं काढून डॅलस नाहीतर शार्लटला निघालेल्या मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “न्यू जर्सी सोडताना एक्झिट टॅक्स घेतात म्हणे.” कुणी दोन टक्के सांगतं, कुणी दहा. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं राहिलं, तर आरती संपेपर्यंत हा आकडा आणखी वाढलेला असतो.

न्यू जर्सीच्या कायद्यात या नावाचा कर नाही. १ ऑगस्ट २००४ पासून लागू झालेला एक नियम आहे. राज्याबाहेर राहणारी व्यक्ती, इस्टेट (मृत व्यक्तीची मागे राहिलेली मालमत्ता) किंवा ट्रस्ट न्यू जर्सीतली स्थावर मालमत्ता विकत असेल, तर त्या विक्रीवर होऊ शकणाऱ्या आयकराचा अंदाजित हप्ता तिने क्लोजिंगच्या वेळीच, म्हणजे पैसे आणि कागद हातोहात होऊन विक्री पूर्ण होते तेव्हाच, भरायचा, नाहीतर आपल्याला तो का लागू नाही हे सही करून सांगायचं. दोन्हीपैकी एक कागद सोबत नसेल तर काउंटी क्लर्क डीड, म्हणजे मालकीचा दस्त, नोंदवून घेत नाही. विकणारा टेक्सासला गेल्यावर ट्रेंटनमधलं कर खातं त्याच्या मागे कुठे फिरणार, म्हणून ही नाकाबंदी.

भारतात ५० लाखांच्या वरचं घर घेताना खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, त्याचाच हा चुलतभाऊ म्हणा. फरक इतकाच, की इथे जबाबदारी विकणाऱ्याची आहे आणि कापलेल्या रकमेपेक्षा सही केलेल्या जाहीरनाम्याला जास्त महत्त्व आहे. पैसे जास्त गेले तर परत मिळतात. चुकीच्या चौकटीत टिक करून सही केली, तर ते खोटं निवेदन ठरतं आणि त्यासाठी दंड किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात, असं त्याच फॉर्मवर सहीच्या वर छापलेलं असतं.

कागद कोणते

सगळ्या फॉर्मचं आडनाव एकच, जीआयटी/आरईपी. पुढचा आकडा बघायचा.

आरईपी-१ म्हणजे ‘मी बाहेरचा आहे, अंदाजित कर क्लोजिंगला भरतो आहे.’ आरईपी-२ म्हणजे ‘मी हा कर क्लोजिंगच्या आधीच कर खात्याकडे भरला, ही पावती.’ आरईपी-३ म्हणजे ‘मी न्यू जर्सीचा रहिवासी आहे, किंवा बाहेरचा असलो तरी मला सूट आहे.’ आरईपी-४ आणि ४ए हे खास परवानगीचे किंवा दुरुस्तीच्या डीडचे. सामान्य विक्रीत ते लागत नाहीत.

बहुतेकांचं काम आरईपी-३ किंवा आरईपी-१ वरच होतं. यातला आपला कुठला, ते दोन प्रश्नांवर ठरतं.

पहिला प्रश्न: क्लोजिंगच्या दिवशी तुम्ही कुठले?

इथेच सगळ्यात जास्त माणसं घसरतात. आरईपी-३ वरची पहिली चौकट सांगते की मी न्यू जर्सीचा रहिवासी करदाता आहे आणि या नफ्याचा कर रहिवासी म्हणून भरेन. ती बघून वाटतं, मी तर कालपर्यंत इथलाच होतो, लायसन्ससुद्धा अजून इथलंच आहे. पण फॉर्मवर तुमचा सध्याचा पत्ता लिहायचा असतो आणि नियम असा, की न्यू जर्सीतच नवं कायमचं घर केलं असेल आणि त्याचा पत्ता फॉर्मवर दिला असेल तरच तुम्ही रहिवासी. एरवी वर्षाचा काही भाग इथे राहिलेल्यालाही बाहेरचाच धरतात.

म्हणजे एडिसनचं घर विकून वेस्ट विंडसरला गेलात तर पहिली चौकट तुमची. सकाळी क्लोजिंग आणि दुपारी सामानाचा ट्रक टेक्सासच्या वाटेला, असं असेल तर ती तुमची नाही. वरती ऑस्टिनचा पत्ता आणि खाली ‘न्यू जर्सी रहिवासी’ला टिक, असा फॉर्म कुणी पुढे केला तर सही करू नका. ॲटर्नीच्या ऑफिसातून आधीच टिक करून आलेला असला, तरीही.

दुसरा प्रश्न: हे तुमचं राहतं घर होतं का?

पहिली चौकट गेली म्हणून पैसे भरावेच लागतील असं नाही. दुसरी चौकट राहत्या घराची आहे. फेडरल आयकर कायद्याच्या कलम १२१ प्रमाणे मालमत्ता तुमचं मुख्य राहतं घर असेल, तर बाहेरच्या राज्यात गेलेला माणूसही आरईपी-३ वर सही करून अंदाजित हप्त्यातून सुटतो. न्यू जर्सी सोडणारी बहुतेक कुटुंबं याच चौकटीत बसतात, म्हणूनच ‘एक्झिट टॅक्स’ची भीती वाटते तितकी खरी नाही.

कलम १२१ ची अट अशी: विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत मिळून किमान दोन वर्षं घर तुमच्या मालकीचं आणि तुमच्या राहण्यात असलं पाहिजे. तसं असेल तर एकट्याला २,५०,००० डॉलरपर्यंत आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला ५,००,००० डॉलरपर्यंत नफा करमुक्त. न्यू जर्सी हीच सवलत मानते.

दोन वर्षं पूर्ण झाली नसतील आणि नोकरीमुळे हलावं लागलं असेल, तर सवलत प्रमाणात मिळते. १४ महिने राहिलात तर जोडप्याला ५,००,००० चे २४ पैकी १४ हिस्से, म्हणजे सुमारे २,९१,६०० डॉलर. नवी नोकरी जुन्या नोकरीच्या तुलनेत घरापासून किमान ५० मैल जास्त लांब असली, की नोकरीचं कारण सहज धरलं जातं.

खरी अडचण भाड्याने दिलेल्या घराची. ‘बाजार चढेल तेव्हा विकू’ म्हणून घर भाड्याला लावायचं आणि दुसऱ्या राज्यात जायचं, हे आपल्याकडे फार होतं. घरातून निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत विकलं तर पाचपैकी दोन वर्षांची अट अजून जुळते. तीन वर्षं उलटली की सवलत संपली. आणि तीन वर्षांच्या आत विकलं, तरी भाड्याच्या काळात घेतलेला घसारा (इमारतीची झीज म्हणून दरवर्षी मिळणारी वजावट) करमुक्त होत नाही. तो नफ्यात धरला जातो. त्यामुळे भाड्याने दिलेल्या घराला डोळे मिटून दुसऱ्या चौकटीत बसवू नका.

सवलतीच्या मर्यादेपलीकडे उरलेला नफाही न्यू जर्सीत करपात्रच असतो. २००० च्या आसपास घेतलेली घरं आज विकणाऱ्यांना हे लागू पडू शकतं.

फॉर्मवर बाकीच्याही सुटी आहेत: बँकेला फोरक्लोजरमध्ये दिलेलं घर, शॉर्ट सेल (कर्जाहून कमी किमतीला बँकेच्या संमतीने विक्री), घटस्फोटातलं हस्तांतरण, कलम १०३१ ची अदलाबदल (एका गुंतवणुकीच्या मालमत्तेच्या बदल्यात दुसरी घेणं), मृत्युपत्राप्रमाणे वारसाच्या नावावर करणं. त्यात वारसाची बाब नीट वाचा. एक्झिक्युटरने, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याने, घर वारसाच्या नावावर केलं तर सूट आहे. तेच घर तिऱ्हाईताला विकलं तर नाही. मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव ही वारसाची खरेदी किंमत धरतात, त्यामुळे नफा बऱ्याचदा नगण्य असतो. तरीही पुढे सांगितलेले किमान दोन टक्के भरावे लागतात.

रक्कम किती

सूट नसेल तर हिशेब असा: नफ्यावर राज्याचा सर्वात वरचा दर, म्हणजे १०.७५ टक्के. पण डीडमध्ये लिहिलेल्या किमतीच्या दोन टक्क्यांहून कमी नाही. दोन्हींपैकी जे जास्त ते. दोन आणि दहा टक्क्यांची अफवा इथूनच आली. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त लोक ते एकमेकांत घालतात.

समजा, एका जोडप्याने २०१२ मध्ये एडिसनला ३,५०,००० डॉलरना टाउनहाउस घेतलं. पुढे तळघर आणि किचन मिळून ३०,००० डॉलर खर्च केले. मग नॉर्थ कॅरोलायनाला गेले आणि घर चार वर्षं भाड्याने दिलं. जमीन वगळून इमारतीची किंमत २,७५,००० धरली, तर २७.५ वर्षांच्या हिशेबाने वर्षाला १०,००० डॉलर घसारा, चार वर्षांत ४०,०००. आता घर ६,२०,००० ला विकलं. कमिशन, ट्रान्सफर फी, वकील धरून विक्रीचा खर्च ४०,०००.

खरेदीची सुधारलेली किंमत: ३,५०,००० अधिक ३०,००० वजा ४०,०००, म्हणजे ३,४०,०००. हातात आलेले ५,८०,०००. नफा २,४०,०००. चार वर्षं झाल्याने कलम १२१ गेलं. १०.७५ टक्क्यांनी २५,८०० डॉलर होतात. किमान रक्कम १२,४०० आहे, म्हणजे क्लोजिंगला २५,८०० द्यायचे.

हा अंतिम कर नाही. दोघांचं बाकीचं उत्पन्न १,६०,००० डॉलर आहे असं धरा. बाहेरच्यांच्या रिटर्नमध्ये न्यू जर्सी आधी एकूण ४,००,००० वर कर काढते, मग त्यातला न्यू जर्सीच्या उत्पन्नाचा हिस्सा घेते. जोडप्याच्या टप्प्यांप्रमाणे ४,००,००० वर सुमारे २१,४०० डॉलर, त्याचे ६० टक्के म्हणजे जवळपास १२,९००. भरले होते २५,८००, म्हणजे निम्मे परत. न्यू जर्सी भांडवली नफ्याला कमी दर लावत नाही. एक वर्ष ठेवा की वीस वर्षं, दर तोच.

आता उलटं उदाहरण. समुद्रकिनाऱ्यावरचा, सुट्टीत वापरलेला, कधी भाड्याने न दिलेला कॉन्डो. २००६ मध्ये ४,८०,००० ला घेतला, ४,३०,००० ला विकला. तोटा धडधडीत दिसतो, तरी क्लोजिंगला दोन टक्के, म्हणजे ८,६०० डॉलर द्यावेच लागतात. तोट्यात विकणाऱ्याला हे पचत नाही आणि मला त्याचा राग समजतो. पण पैसे सगळे परत मिळतात, फक्त वाट बघावी लागते.

नफा काढायला कागद लागतात: खरेदीच्या वेळचं क्लोजिंग स्टेटमेंट, मोठ्या सुधारणांच्या पावत्या आणि भाड्याच्या वर्षांचे घसाऱ्याचे तक्ते. छत, नवं किचन, डेक धरलं जातं. रंगकाम आणि नळदुरुस्ती नाही. भाड्याच्या काळात घसारा घ्यायचा राहिला असेल तरी विकताना तो घेतल्यासारखाच धरतात, म्हणून ‘आम्ही घेतलाच नव्हता’ हे कामी येत नाही.

फॉर्म भरताना

ब्लॉक आणि लॉट नंबर मालमत्ता कराच्या बिलावर असतात. मालकीचा टक्का, एकूण किंमत, तुमच्या वाट्याची किंमत आणि क्लोजिंगची तारीख हे रकाने डीडशी जुळले पाहिजेत. प्रत्येक विकणाऱ्याचा वेगळा फॉर्म. एकत्र रिटर्न भरणाऱ्या नवरा-बायकोला एक चालतो.

वेगळा फॉर्म कधी कामी येतो, बघा. मुलगा सत्तर टक्के मालक, न्यू जर्सीतच राहतो. वडील तीस टक्के मालक, पुण्याला परतले. मुलाने आरईपी-३ वर पहिली चौकट भरायची, वडिलांनी आरईपी-१ फक्त आपल्या हिश्श्यावर. ६,२०,००० च्या विक्रीत वडिलांचा वाटा १,८६,०००, त्यामुळे त्यांची किमान रक्कम ३,७२०. अख्ख्या किमतीवर दोन टक्के कुणी मागत असेल तर मालकीचा टक्का दाखवा.

पैसे भरायचे असतील तर आरईपी-१ सोबत एनजे-१०४०-ईएस हे अंदाजित कराचं व्हाउचर आणि चेक द्यायचा. क्लोजिंगला हे खरेदीदाराच्या ॲटर्नीच्या हातात जातं आणि डीडबरोबर काउंटी क्लर्ककडे. व्हाउचरवर ज्याचं नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर पहिला, रिटर्नवरही त्याचाच पहिला ठेवा. व्हाउचर नवऱ्याच्या नावाने आणि रिटर्नवर आधी बायकोचं नाव असं केलंत, तर भरलेले पैसे शोधायला पत्रव्यवहार करावा लागेल. चेक आणि फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा.

क्लोजिंगला हजर राहणार नसाल तर मुखत्यारपत्र लागतं. त्याची नोंद आधी झाली आहे किंवा डीडबरोबरच होते आहे, यासाठी आरईपी फॉर्मवर वेगळी चौकट आहे. भारतात असाल तर सही मुंबईतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटराइज करता येते, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. भारतीय नोटरीपुढे सही करून अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) घेण्याचाही मार्ग आहे. दोन्हींत काय चालेल ते तुमच्या टायटल कंपनीला (मालकीहक्क तपासून विक्रीचे व्यवहार पार पाडणारी कंपनी) आधी ईमेलवर विचारून घ्या आणि त्यांच्याच मसुद्यावर सही करा.

आणखी एक खर्च याच वेळी समोर येतो, त्याचा राहण्याच्या ठिकाणाशी संबंध नाही. दहा लाख डॉलरवरच्या घरांची जादा फी, जिला सगळे ‘मॅन्शन टॅक्स’ म्हणतात, ती पूर्वी खरेदीदार द्यायचा. १० जुलै २०२५ पासून ती विकणाऱ्यावर आली आणि किमतीप्रमाणे एक ते साडेतीन टक्के झाली. ती विक्रीखर्चात धरायला विसरू नका.

भारतात परतलेल्यांसाठी

एच-१बीवर दहा वर्षं राहून पुण्याला परतलात आणि घर मागे ठेवलंत, तर न्यू जर्सीच्या आधी फेडरल सरकार हात पुढे करतं. फिर्प्टा या कायद्याखाली विकणारा परदेशी व्यक्ती असेल तर खरेदीदाराने किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसकडे (फेडरल कर खात्याकडे) भरायची असते. खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल, तर ३,००,००० डॉलरपर्यंत काही कापत नाहीत आणि तिथून १० लाख डॉलरपर्यंत १० टक्के. वरचं एडिसनचं घर राहायला घेणाऱ्याला विकलं तर ६२,००० डॉलर कापले जातील, गुंतवणूकदाराला विकलं तर ९३,०००. न्यू जर्सीचे पैसे याशिवाय.

ही रक्कम नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर आहे. त्यामुळे खरा कर त्याहून बराच कमी असतो. क्लोजिंगच्या दिवसापर्यंत फॉर्म ८२८८-बी पाठवून कपात कमी करून मागता येते. उत्तराला साधारण ९० दिवस लागतात. अर्ज वेळेत गेला असेल तर निकाल येईपर्यंत ती रक्कम आयआरएसकडे पाठवावी लागत नाही, क्लोजिंग करणाऱ्याकडेच थांबते.

ग्रीन कार्ड असलेला किंवा अमेरिकेत पुरेसे दिवस राहून करासाठी रहिवासी ठरलेला माणूस परदेशी धरला जात नाही. त्याने तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, कपात टळते. टेक्सासला गेलेल्या एच-१बीवाल्याला फिर्प्टा सहसा लागत नाही, न्यू जर्सीचे फॉर्म मात्र लागतात. या दोन गोष्टींची सरमिसळ वकिलांच्या ऑफिसातही होते.

भारतात पूर्ण रहिवासी झाला असाल तर हा नफा भारतीय रिटर्नमध्येही दाखवायचा, अमेरिकेतल्या कराचं श्रेय मागायचं आणि घर तुमच्या नावावर असेल त्या प्रत्येक वर्षी परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहायचं. ते लिहिलं नाही तर १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांना ‘रहिवासी पण सर्वसाधारण नव्हे’ हा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातला असा नफा भारतात करपात्र नसतो. विक्रीची वेळ ठरवताना सीएला हे नक्की विचारा.

पैसे परत कसे मिळवायचे

नेहमीचा मार्ग पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत एनजे-१०४०एनआर भरणं. भरलेली रक्कम अंदाजित कराच्या ओळीत दाखवायची. डिसेंबरात विकलं तर वाट थोडी, जानेवारीत विकलं तर वर्षाहून जास्त. घाई असेल तर ए-३१२८ हा फक्त याच परताव्यासाठीचा अर्ज आहे. सोबत आरईपी फॉर्मची प्रत, क्लोजिंग स्टेटमेंट आणि खरेदी किमतीचे पुरावे. हा अर्ज केला तरी वर्षाचं रिटर्न चुकत नाही.

तुमचं नवं राज्य तुमच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावत असेल तर न्यू जर्सीला दिलेल्या कराचं श्रेय तिथे मागा. श्रेय मिळतं ते अंतिम कराचं, क्लोजिंगला भरलेल्या हप्त्याचं नाही. वरच्या उदाहरणात नॉर्थ कॅरोलायनात १२,९०० दाखवायचे, २५,८०० नव्हेत. टेक्सास, फ्लोरिडाला वैयक्तिक आयकरच नाही, त्यामुळे श्रेयाचा प्रश्न नाही. पेनसिल्व्हेनियाला गेलेल्यांना वाटतं की दोन राज्यांचा करार आहे, न्यू जर्सी काही घेणार नाही. तो करार फक्त पगारापुरता आहे, घर विक्रीला लागू नाही.

दुसऱ्या राज्यात घर असेल तर न्यू जर्सीचे आकडे तिथे लावू नका. कॅलिफोर्नियात फॉर्म ५९३ वर विक्री किमतीच्या साडेतीन टक्क्यांहून किंचित कमी, नेमके सांगायचे तर ३.३३ टक्के. हवाईत ७.२५ टक्के. जॉर्जियात ३ टक्के. कोलोराडोत २ टक्के किंवा हातात येणारी निव्वळ रक्कम, यातलं जे कमी ते. राहत्या घराच्या सुटीचे शब्दही प्रत्येकाचे वेगळे आहेत.

न्यू जर्सीपुरतं सांगायचं तर घरावर ‘विकणे आहे’ची पाटी लावण्याआधी ॲटर्नीला एक ईमेल टाका: क्लोजिंगला आमचा पत्ता अमुक असेल, घरात आम्ही अमुक ते अमुक तारखेपर्यंत राहिलो, अमुक काळ भाड्याने दिलं, तर आम्ही कुठल्या आरईपीवर आणि कुठल्या चौकटीवर सही करायची? उत्तर लेखी मागा.